वाचकांचे प्रश्न : अहवाल कोणासाठी आणि बिल कुठे अडले?

कारखान्यांच्या कार्यालयीन कामातील दिरंगाईविषयी गेल्या अंकात या सदरात थोडे लिहिले होते. त्यानंतर हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर आणि नागपूर शहरातूनही पत्रे आली. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : बुटीबोरीत आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे आणि मुख्य कार्यालय रामदासपेठेत आहे. लेखा, खरेदी, मनुष्यबळ, भांडार आणि प्रशासन मिळून ३१ माणसे आहेत. दरमहा आम्ही ४२ पानांचा एमआयएस (व्यवस्थापनासाठीचा माहिती अहवाल) तयार करतो. तो संचालकांच्या टेबलावर जायला १८ तारीख उजाडते. आकडे शिळे असतात आणि वाचूनही काही कळत नाही, असे ते प्रत्येक बैठकीत म्हणतात. माझी माणसे मात्र महिन्याचे पहिले पंधरा दिवस रात्री नऊपर्यंत थांबतात. आणखी दोन माणसे मागावीत, की नवे सॉफ्टवेअर घ्यावे? – लेखा व्यवस्थापक, बुटीबोरी

उत्तर : आपल्या संचालकांच्या तक्रारी दोन आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत. आकडे उशिरा येतात ही एक, आणि त्यांवरून काही कळत नाही ही दुसरी. दुसरीचा निकाल आधी लावावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जे पान कोणाच्या उपयोगाचे नाही, ते ३ तारखेला दिले तरी निरुपयोगीच राहते. आणि अशी पाने गळाली की उशीरही बराचसा आपोआप कमी होतो.

गेल्या महिन्याच्या अहवालाची एक प्रत समोर घ्या आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा : हे पान कोण वाचतो, वाचून तो काय ठरवतो, आणि ते ठरवण्याची वेळ किती दिवसांनी येते. जिथे लिहायला नाव सुचत नाही, ते पान बंद करण्याच्या यादीत टाका. जिथे नाव सुचते, तिथे त्या माणसाकडे जाऊन त्याला प्रत्यक्ष विचारा, कारण आपण लिहिलेले नाव बऱ्याचदा पाच वर्षांपूर्वीच्या अधिकाऱ्याचे असते आणि त्याच्या जागी आलेल्याने तो तक्ता कधी मागितलेलाच नसतो.

हे मी स्वतः भोगले आहे. एका कारखान्यात कॉस्ट अकाउंटंट असताना मी दरमहा भंगाराचा नऊ पानी विभागवार तक्ता करत असे आणि त्यासाठी माझे दोन पूर्ण दिवस जात. पुढे कार्यालयाची जागा बदलली, कपाटे रिकामी झाली आणि माझे ते सगळे तक्ते बाहेर आले. मी लावलेल्या पिना जशाच्या तशा होत्या, गंजून त्यांचा डाग आतल्या पानांवर उतरला होता आणि पाने एकदाही उलटलेली नव्हती. त्याच कारखान्यात रात्रपाळीचा फोरमन यंत्रामागच्या भिंतीवर खडूने दर पाळीचे भंगार नगांत लिहून ठेवत असे. आकडा लागोपाठ दोन पाळ्या चढला की तो कटिंग टूल बदलायला लावत असे. निर्णय तिथे, त्या भिंतीपाशी, आठ तासांत होत होता. माझा तक्ता मात्र तीन आठवड्यांनी, रुपयांत आणि संचालकांच्या नावे जात होता. तेव्हापासून कोणताही अहवाल पाहिला की, हा निर्णय मुळात कुठे होतो, हे मी आधी शोधतो.

आता उशिराविषयी. लेखा विभागाच्या महिन्याचा पंचांगासारखा एक क्रम ठरलेला आहे : ७ तारखेपर्यंत टीडीएसचा (पैसे देताना कापलेल्या आयकराचा) भरणा, ११ला जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरण), १५पर्यंत भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), २०ला जीएसटीआर-३बी (कराचा गोषवारा आणि भरणा). यात अहवालासाठी स्वतंत्र जागाच ठेवलेली नसते, म्हणून तो सर्वांच्या मागे ढकलला जातो. त्यात एक चुकीची सवय सर्रास दिसते. जीएसटीआर-२बी हे, पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून बनणारे आपल्या खरेदीचे विवरण १४ तारखेला तयार होते, आणि पुरवठादाराचे बिल त्यात दिसेपर्यंत खरेदीची नोंदच अनेक ठिकाणी थांबवली जाते. त्या विवरणाचा संबंध फक्त इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, कधी घ्यायचे याच्याशी आहे. माल फाटकातून आत आला, तपासून घेतला आणि भांडारात नोंदला, की खर्च आणि देणे उभे राहिले. कंपनीचे हिशेब उपार्जन पद्धतीनेच, म्हणजे पैसे दिले-घेतले तेव्हा नव्हे, तर देणे-येणे उभे राहिले तेव्हा नोंदून, ठेवायचे असतात. कराचा ताळमेळ मागाहून घालता येतो. ही एक गाठ सोडवल्यावर आपला अहवाल किती पुढे सरकतो, ते एकदा करून पाहाच.

दुसरी वाट पाहिली जाते ती न आलेल्या बिलांची. विजेचे बिल हातात आले नाही म्हणून महिना उघडा ठेवण्याचे कारण नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मीटरवरचे युनिट स्वतः टिपावे, मागणी आकारासह (विजेच्या कमाल मागणीवरील आकारासह) हिशेब करून तरतूद, म्हणजे अंदाजी खर्चाची नोंद, करावी आणि बिल आले की फरक पुढच्या महिन्यात घ्यावा. वाहतूक, कंत्राटी कामगार, सुरक्षा यांचेही तसेच. त्याचबरोबर किती रकमेपर्यंत थांबायचे नाही, ही मर्यादा संचालकांकडून लेखी ठरवून घ्या. महिन्याला काही कोटींची विक्री असलेल्या कारखान्यात चार हजारांच्या कुरिअर बिलासाठी तीन फोन होतात, हे मी पाहिले आहे आणि त्या फोन करणाऱ्या मुलांचे मला वाईट वाटते, कारण मर्यादा त्यांना कोणी सांगितलेलीच नसते.

बँकेचा ताळमेळ महिनाअखेरीस न करता रोज सकाळी करावा. साठ्याची मोजणीही एकाच रात्री सगळी करण्यापेक्षा महाग वस्तू दर आठवड्याला आणि स्वस्त वस्तू तिमाहीत एकदा, अशी विभागून घ्यावी. आणि एकदा बंद केलेला महिना खरोखरच बंद ठेवावा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाचा माग ठेवणारेच लेखा सॉफ्टवेअर वापरावे लागते, त्यामुळे मागील तारखेच्या दुरुस्त्या आता लेखापरीक्षकालाही दिसतात; पण त्याहून मोठा तोटा असा, की संचालकांनी एप्रिलचा नफा मे महिन्यात एक पाहिलेला असतो आणि जूनमध्ये दुसरा, आणि मग त्यांचा कोणत्याच आकड्यावर विश्वास राहत नाही.

माझ्या मते आपल्याकडे दोन टप्पे असावेत. महिना संपल्यावर दुसऱ्या कामाच्या दिवशी एकच पान : विक्री, हातातील मागण्या, वसुली, बँकेतील शिल्लक, उत्पादन, भंगार आणि वीज. सहाव्या दिवशी नफातोटा आणि त्याखाली पाच-सहा वाक्यांचे स्पष्टीकरण. ‘कच्च्या मालावरील खर्च अर्थसंकल्पापेक्षा जास्त’ एवढे लिहिणे म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. भाव वाढला, वापर वाढला, की उत्पादनांचे प्रमाण बदलले, आणि त्याबाबत कोण काय करणार आहे, हे त्यात यायला हवे. ही वाक्ये लिहायला जो वेळ लागतो, तोच लेखा विभागाचा खरा मोलाचा वेळ आहे.

आपण सोबत पाठवलेल्या नमुन्यातील एका पानाविषयी मात्र सावध करायचे आहे. मुख्य कार्यालयाचा खर्च त्यात विक्रीच्या प्रमाणात प्रत्येक उत्पादनावर वाटला आहे. समजा, एका उत्पादनाची विक्री १०० लाख आहे आणि त्याचा स्वतःचा खर्च ८८ लाख आहे, म्हणजे ते १२ लाख मिळवून देते. त्यावर कार्यालयाचे १५ लाख लादले की कागदावर ३ लाखांचा तोटा दिसतो. तो पाहून उत्पादन बंद केले, तर रामदासपेठेचे भाडे आणि पगार तसेच राहतील आणि कंपनीचा नफा १२ लाखांनी घटेल. मोकळ्या झालेल्या यंत्रांवर अधिक मिळवून देणारे काम हातात असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून उत्पादनाचे स्वतःचे योगदान वेगळ्या ओळीत आणि वाटलेला खर्च त्याखाली, असे दाखवा.

माणसे आणि सॉफ्टवेअर यांचा विचार हे सारे झाल्यावर, तीन महिन्यांनी करावा. आज नवे सॉफ्टवेअर घेतले, तर ती ४२ पाने त्यातही तशीच उतरवली जातील.

प्रश्न : आमचा प्रकल्प कळमेश्वरला आहे आणि कार्यालय धंतोलीत. सर्व सहायक विभागांनी येत्या आर्थिक वर्षात सरसकट १५ टक्के खर्च कमी करावा, असा व्यवस्थापनाचा आदेश आहे. माझ्या विभागाचा बहुतेक खर्च पगाराचा आहे, म्हणजे चार माणसे कमी करावी लागतील. दुसरीकडे पुरवठादारांची बिले थकल्याच्या आणि पगारातील चुकांच्या तक्रारी आत्ताच वाढत आहेत. मी व्यवस्थापनाला काय सांगावे? – प्रशासन प्रमुख, धंतोली

उत्तर : सरसकट कपात मला चूक वाटते आणि आपण ते व्यवस्थापनाला स्पष्ट शब्दांत सांगावे. ज्या विभागाने आधीच काटकसर केली आहे, त्याला या पद्धतीत शिक्षा होते आणि ज्याने चरबी साठवली आहे, तो सहज सुटतो. परंतु नुसता विरोध नोंदवून भागणार नाही. आपल्या हातात कामाचा हिशेब असायला हवा. माणसे कमी केली आणि काम तेवढेच ठेवले, तर काम संपत नाही, ते फक्त साचते.

तो हिशेब कसा मांडावा, ते एका बिलावरून सांगतो. अशा कामासाठी कुठे गेलो की मी चुकते झालेले एखादे जुने बिल मागून घेतो आणि त्याच्या मागच्या बाजूचे शिक्के वाचतो. एका कंपनीत, जिचा कारखाना आणि कार्यालय आपल्यासारखेच दूर होते, एका वाहतूकदाराचे १८,४०० रुपयांचे बिल असे निघाले. फाटकावरचा शिक्का ३ तारखेचा. भांडाराचा ४ तारखेचा. उत्पादन प्रमुखांची सही १० तारखेची, कारण ते रजेवर होते आणि त्यांच्या जागी सही कोणी करायची, हे ठरलेले नव्हते. कार्यालयात कागद नेणारी गाडी फक्त शनिवारी जात असे, म्हणून १५ तारीख. लेखा विभागाने १८ला ते परत पाठवले, कारण त्यावर ऑर्डरचा क्रमांक नव्हता; परतीची गाडीही शनिवारचीच, म्हणजे २२. भांडारातल्या कारकुनाने निळ्या शाईने क्रमांक घातला, बहुधा मिनिटभराचे काम. पुन्हा २९ तारखेला कार्यालयात, आणि ३१ला मंजुरी. सगळ्यांनी मिळून त्या बिलावर केलेले काम आम्ही मोजले, ते अर्ध्या तासाच्या आत भरले. उरलेले २८ दिवस ते बिल ट्रेमध्ये, पाकिटात आणि ड्रॉवरमध्ये पडून होते. त्या काळात वाहतूकदाराने केलेले फोन, त्यांना दिलेली उत्तरे आणि शोधाशोध हे सारे काम पुन्हा वेगळेच, आणि तेही आपल्याच माणसांनी केले.

थकलेल्या बिलांसाठी एक साधे गणित हाताशी ठेवा. अमेरिकी प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे : एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती गोष्टी पडून आहेत, त्या संख्येला रोज आत येणाऱ्या संख्येने भागले की एका गोष्टीला लागणारा सरासरी काळ मिळतो. महिन्याला ६०० बिले येत असतील, म्हणजे रोजची २०, आणि कोणत्याही दिवशी ४८० बिले प्रलंबित असतील, तर एका बिलाला सरासरी २४ दिवस लागतात. आठ दिवसांत बिल निघावे असे वाटत असेल, तर प्रलंबित बिले १६०च्या वर जाता कामा नयेत. हा एक आकडा दर सोमवारी फळ्यावर लिहा. कोण किती वेळ बसला होता, यापेक्षा तो अधिक खरे बोलतो.

याला कायद्याचीही बाजू आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, परंतु ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात; उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम आयकरासाठी प्रत्यक्ष ज्या वर्षी दिली, त्याच वर्षी खर्च म्हणून मिळते. तेव्हा १५ टक्के वाचवण्यासाठी बिले पाहणारी माणसे काढणे, हा व्यवस्थापनाला महागात पडणारा सौदा होऊ शकतो, हे रकमेसह दाखवा.

करण्यासारख्या गोष्टी आपल्या हातात आहेत. ऑर्डर क्रमांक नसलेले बिल फाटकावरच परत करावे आणि हे पुरवठादारांना एक महिना आधी पत्राने कळवावे. बिल आले त्याच दिवशी कळमेश्वरहून स्कॅन होऊन कार्यालयात पोहोचावे, कागद मागाहून येवो. दोन हजारांच्या स्टेशनरीला आणि वीस लाखांच्या यंत्राला सारख्याच पाच सह्या लागत असतील, तर अधिकाराच्या मर्यादा नव्याने लिहून घ्याव्यात आणि रजेच्या काळातील सहीदार नेमावा. मात्र सह्या कमी करताना एक पथ्य सोडू नये : ऑर्डर देणारा, माल उतरवून घेणारा आणि पैसे सोडणारा, ही तीन माणसे वेगळीच असली पाहिजेत, आणि ऑर्डर, मालपावती व बिल यांचा मेळ बसल्याशिवाय पैसे जाऊ नयेत. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. या दोन-चार मिनिटांत काटकसर करू नका.

पगारातील तक्रारींसाठी दोन आठवडे एक वही ठेवा. खिडकीवर आलेला किंवा फोनवर विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याचे मूळ कारण एका ओळीत लिहा. माझ्या पाहण्यात बहुतेक प्रश्न दोन-तीनच कारणांचे निघतात : पाळी बदलल्याची नोंद पर्यवेक्षकाने उशिरा पाठवली, जादा कामाचे तास कागदावर वेगळे आणि हजेरी यंत्रात वेगळे, नव्या माणसाची माहिती अर्धवट आली. म्हणजे चूक आपल्या खिडकीवर दिसते, पण घडते दुसरीकडे. तिथे ती थांबवली, तर आपल्या विभागाचे काम खरोखर घटते आणि निवृत्तीने किंवा बदलीने रिकाम्या होणाऱ्या जागा न भरताही निभावते. व्यवस्थापनापुढे जाताना कोणती कामे बंद होतील, कोणती कोणाच्या चुकीमुळे वाढली आहेत आणि त्यांतून वर्षभरात किती जागा वाचतील, असा कागद घेऊन जा. आकडा १५च्या जागी ११ भरला, तरी तो टिकणारा असेल.

प्रश्न : मी कामठी मार्गावरील एका वितरक कंपनीत एमआयएसचे काम करतो. दरमहा सात शाखांच्या एक्सेल फाइली जोडून उधारीचा तक्ता करायला मला तीन दिवस लागतात. हे काम आपोआप होऊ शकते, असे मित्र सांगतो. पण मग माझी नोकरी राहील का? – एक वाचक, कामठी मार्ग

उत्तर : तुमची भीती मी समजू शकतो आणि तिच्याकडे दुर्लक्ष करावे, असे म्हणणार नाही. तरीही हे काम तुम्ही स्वतःच आपोआप करावे, कारण तुम्ही केले नाही, तर बाहेरून आणलेला कोणीतरी ते करील आणि त्या फाइलींतल्या खाचाखोचा त्याला ठाऊक नसतील. एक्सेल २०१६पासून पॉवर क्वेरी ही सोय त्यातच असते. एका फोल्डरमधील सात फाइली ती एकत्र करते आणि पुढच्या महिन्यात नव्या फाइली ठेवून रिफ्रेश केले की तक्ता तयार होतो.

मात्र त्याआधी एक काम हातानेच करावे लागेल. तुम्ही लिहिले आहे, की एकच ग्राहक निरनिराळ्या शाखांत ‘इतवारी ट्रेडर्स’, ‘इतवारा ट्रेडर्स’ आणि ‘इ. ट्रेडर्स’ असा नोंदला जातो. यंत्राला हे तीन ग्राहक वाटतात. प्रत्येकाची उधारी मर्यादेत दिसते आणि तिघांची बेरीज मर्यादेबाहेर गेलेली असते. तेव्हा प्रत्येक ग्राहकाला एकच सांकेतिक क्रमांक द्या. नोंदणीकृत ग्राहकांसाठी जीएसटी क्रमांकावरून जुळणी करणे सोपे पडेल. नवा ग्राहक उघडण्याचा अधिकार सातही शाखांकडे न ठेवता एकाच ठिकाणी असावा, असे तुमच्या वरिष्ठांना लेखी सुचवा.

वाचलेल्या तीन दिवसांत ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी असलेल्या पहिल्या वीस ग्राहकांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे पैसे का अडले, ते विक्री प्रतिनिधीला विचारून लिहा : माल परत केला होता का, भावात वाद आहे का, क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारी चिठ्ठी) द्यायची राहिली आहे का. पहिल्या महिन्यात दहा ग्राहकांचे झाले तरी चालेल. तो कागद वसुलीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी वरिष्ठांच्या हातात द्या आणि ‘बैठकीला मलाही बसू द्या’ अशी विनंती करा.